सुरीच्या आधीचे प्रश्न : थायरॉइड कर्करोगाच्या पूर्वतपासणीचा इतिहास

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात गलगंडाचे वर्णन येते. वात, कफ आणि मेद यांच्यामुळे होणारे त्याचे तीन प्रकार सांगून झाल्यावर संहिताकार वैद्याला एक इशारा देतात. ज्याला श्वास घेणे कष्टाचे झाले आहे, ज्याचे सर्वांग शिथिल पडले आहे, ज्याच्या गाठीला वर्ष उलटून गेले आहे, ज्याची अन्नावरची वासना उडाली आहे, जो खंगत चालला आहे आणि ज्याचा स्वर भंगला आहे, अशा गलगंडाच्या रुग्णाला वैद्याने हाती घेऊ नये.

गळ्यावरची साधी गाठ आणि कर्करोगाची गाठ यांतला भेद त्या काळी आजच्या अर्थाने ठाऊक होता, असे म्हणता येणार नाही. तरीही ही यादी वाचताना आजचा शल्यविशारद क्षणभर थबकेल. गाठ किती दिवसांची आहे, श्वासाला अडथळा होतो का, वजन घटले का आणि आवाज बदलला का, हे प्रश्न गळ्यावर गाठ घेऊन आलेल्या रुग्णाला आजही पहिल्या भेटीतच विचारले जातात. उत्तरानंतर काय घडते, ते मात्र पार बदलले आहे. त्या काळी भंगलेला स्वर कळला की उपचाराचे दार बंद होई. आज तिथून पुढे तपासण्यांची एक मालिका सुरू होते. या मालिकेतली जवळजवळ प्रत्येक तपासणी कोणा ना कोणा रुग्णाने सोसलेल्या हानीतून जन्माला आली आहे.

आवाजाचे कोडे सर्वांत आधी उलगडू लागले. दुसऱ्या शतकात रोममध्ये गॅलनने डुकरावर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. किंचाळणाऱ्या प्राण्याच्या मानेतील एक बारीक चेता बांधताच त्याचा आवाज बंद झाला. मेंदूकडून निघून थेट स्वरयंत्राकडे न जाता ही चेता आधी छातीकडे उतरते, डाव्या बाजूला महाधमनीच्या कमानीला वळसा घालते आणि पुन्हा वर चढून, थायरॉइड ग्रंथीच्या अगदी पाठीला चिकटून स्वरयंत्रापर्यंत पोहोचते. ग्रंथीतला कर्करोग मागच्या बाजूने फैलावला, तर पहिला घाला हिच्यावरच पडतो. शल्यविशारदाची सुरी जराशी चुकली तरी तेच घडते.

परंतु जिवंत माणसाच्या स्वररज्जू प्रत्यक्ष पाहता येत नव्हत्या. ते साधले एका गायनशिक्षकाला. मॅन्युएल गार्सिया यांनी १८५४ साली दंतवैद्याचा छोटा आरसा स्वतःच्या घशात धरला, दुसऱ्या आरशाने सूर्यप्रकाश त्यावर पाडला आणि गाताना आपल्याच स्वररज्जू कशा हलतात, ते पाहिले. पुढच्याच वर्षी त्यांचे निरीक्षण लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आले. संगीताच्या जिज्ञासेतून निघालेली ही युक्ती काही वर्षांतच वैद्यांनी उचलली. आज आरशाची जागा लवचीक दुर्बिणीने घेतली आहे, पण हेतू तोच आहे. एका बाजूची स्वररज्जू लुळी पडली तरी दुसरी तिचे काम सांभाळून घेते, त्यामुळे काही रुग्णांचा आवाज ऐकायला अगदी नितळ असतो. अशा रुग्णाची रज्जू न पाहताच शस्त्रक्रिया केली आणि दुसऱ्या, धडधाकट बाजूच्या चेतेला इजा झाली, तर प्रश्न आवाजापुरता राहत नाही. श्वासमार्गच बंद होतो आणि गळ्याला भोक पाडून नळी बसवावी लागते. म्हणून केवळ कानावर विसंबून चालत नाही.

दुसरा धडा स्वित्झर्लंडमधून आला. आल्प्सच्या दऱ्याखोऱ्यांत गलगंड घरोघरी होता आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्याची शस्त्रक्रिया म्हणजे बहुधा रक्तस्रावाने ओढवणारा मृत्यू. बर्नच्या थिओडोर कोखर यांनी निर्जंतुक पद्धती आणि एकेक रक्तवाहिनी बांधत जाण्याची शिस्त यांच्या बळावर हे चित्र पालटले. त्यांच्या हाताखाली पाच हजारांहून अधिक गलगंडाच्या शस्त्रक्रिया झाल्या आणि मृत्यूचे प्रमाण शंभरात एकाच्याही खाली आले. मात्र या यशाच्या पोटात एक अपयश दडले होते. १८७४ साली त्यांनी एका अकरा वर्षांच्या मुलीची संपूर्ण ग्रंथी काढली होती. जखम उत्तम भरली, पण मुलीची वाढ खुंटली, चेहरा सुजला, बुद्धी मंदावत गेली. १८८२ साली जिनिव्हाच्या जाक-लुई रेव्हेर्दां यांनी आपल्या रुग्णांतही असेच बदल नोंदवले. कोखर यांनी जुन्या रुग्णांना परत बोलावून तपासले आणि जे दिसले ते १८८३ साली जाहीर केले. संपूर्ण ग्रंथी काढलेले कितीतरी रुग्ण याच अवस्थेला पोहोचले होते. आपल्याच शस्त्रक्रियेचे दुष्परिणाम इतक्या उघडपणे मांडणाऱ्या या शल्यविशारदाला १९०९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

त्या कबुलीजबाबाने ग्रंथीचे महत्त्व सिद्ध केले आणि शस्त्रक्रियेआधीच्या प्रश्नांत एकाची भर पडली : ही ग्रंथी आज किती काम करते आहे, आणि तिचा किती भाग काढणे खरोखर आवश्यक आहे? आज त्याची सुरुवात रक्तातील टीएसएच मोजण्यापासून होते.

तिसऱ्या धड्याच्या मुळाशी एक भारतीय गेंडा आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील हा एकशिंगी प्राणी १८४९ साली मेला. त्याचे विच्छेदन करताना शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांना थायरॉइडला चिकटलेला एक लहानसा पिवळसर ग्रंथीपिंड आढळला. माणसातील अशाच ग्रंथींचे सविस्तर वर्णन स्वीडनच्या उप्साला येथील ईवार सांडस्ट्रॉम या तरुणाने १८८० साली केले. साधारणपणे चार असलेल्या, तांदळाच्या दाण्याहून फार मोठ्या नसलेल्या या पॅराथायरॉइड ग्रंथी रक्तातील कॅल्शियम सांभाळतात. थायरॉइडबरोबर त्या चुकून निघाल्या किंवा त्यांचा रक्तपुरवठा तुटला की हातापायांना मुंग्या येतात, स्नायू आखडतात आणि वेळीच लक्ष न दिल्यास जिवावर बेतते. म्हणून शस्त्रक्रियेआधीच कॅल्शियमची पातळी पाहून ठेवतात. ड जीवनसत्त्वाची कमतरता आपल्या देशात सर्रास आढळते, आणि ती आधी भरून काढली तर शस्त्रक्रियेनंतरचे दिवस सुसह्य होतात.

एवढे कळले तरी मूळ प्रश्न शिल्लकच होता. गळ्यावरची ही गाठ कर्करोगाची आहे की नाही? विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात याचे उत्तर बहुधा गाठ काढल्यावरच मिळे. भारतासारख्या देशात तर हा प्रश्न अधिकच बिकट होता, कारण हिमालयाच्या पायथ्याशी गलगंड ही अपवादाची गोष्ट नव्हती. १९५६ साली डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कांगडा खोऱ्यात काम सुरू केले, तेव्हा तिथल्या शाळकरी मुलांपैकी दर तिघांत किमान एकाच्या गळ्यावर गलगंड होता. आयोडीनयुक्त मीठ मिळालेल्या भागांत हे प्रमाण झपाट्याने घटले आणि त्याच सुमारास, १९६२ साली, देशाने गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. कर्करोगाच्या दृष्टीनेही या कामाला महत्त्व आहे. जिथे घरटी गलगंड आहे, तिथे एखाद्या गळ्यावरची गाठ अचानक वाढू लागली तरी ती कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. शिवाय आयोडीनची कमतरता असलेल्या प्रदेशांत थायरॉइड कर्करोगाच्या फॉलिक्युलर आणि ॲनाप्लास्टिक या अधिक आक्रमक प्रकारांचा वाटा जास्त आढळतो. मिठात आयोडीन आले की हळूहळू सौम्य स्वभावाच्या पॅपिलरी प्रकाराचा वाटा वाढतो.

गाठीचे स्वरूप सुरीविना जाणण्याचा पहिला मोठा प्रयत्न आयोडीनच्याच वाटेने झाला. नोव्हेंबर १९३६ मध्ये हार्वर्ड येथील एका व्याख्यानानंतर सॉल हर्ट्झ या डॉक्टरांनी भौतिकशास्त्रज्ञ कार्ल कॉम्प्टन यांना विचारले की आयोडीन कृत्रिम रीतीने किरणोत्सारी करता येईल का. थायरॉइड आयोडीन खेचून घेते, तेव्हा किरणोत्सारी आयोडीनही ती खेचून घेईल आणि बाहेरून तिचा मागोवा घेता येईल, अशी त्यामागची कल्पना होती. १९४१ साली हर्ट्झ यांनी अतिक्रियाशील थायरॉइडवर हा उपचार केला. १९४६ साली सॅम्युअल सायडलिन व सहकाऱ्यांनी शरीरात इतरत्र पसरलेला थायरॉइड कर्करोगही या आयोडीनला दाद देतो, हे दाखवले. १९५०च्या सुमारास बेनेडिक्ट कॅसेन यांच्या स्कॅनरमुळे ग्रंथीचे चित्रच कागदावर उमटू लागले. आयोडीन घेणारी गाठ 'उष्ण', न घेणारी 'शीत'. उष्ण गाठीत कर्करोग क्वचितच सापडतो, त्यामुळे संशयाचा रोख शीत गाठींवर आला.

भारतात या विद्येने मुंबईत मूळ धरले. १९५६ साली तुर्भ्यात अप्सरा ही अणुभट्टी कार्यान्वित झाली आणि १९६३ साली परळला, टाटा स्मारक रुग्णालयाच्या आवारात, अणुऊर्जा विभागाचे रेडिएशन मेडिसिन सेंटर उभे राहिले. अणुभट्टीत तयार होणारे, आठ दिवसांचे अर्धायुष्य असलेले आयोडीन-१३१ काही मैलांवरच्या रुग्णापर्यंत पोहोचणे आता शक्य झाले. देशभरातून थायरॉइड कर्करोगाचे रुग्ण परळला येऊ लागले. दिल्लीत संरक्षण संशोधन खात्याच्या आण्विक औषध संस्थेने, म्हणजे इन्मासने, उत्तरेत हेच कार्य आरंभले.

या उपचाराने शस्त्रक्रियेआधीच्या विचाराला नवी दिशा दिली. ग्रंथीचा निरोगी भाग गळ्यात शिल्लक असेल तर दिलेले आयोडीन तोच गिळून टाकतो आणि दूरच्या कर्कपेशी उपाशी राहतात. म्हणजे पुढे किरणोत्सारी आयोडीनची गरज भासेल का, याचा अंदाज सुरी उचलण्याआधीच बांधावा लागतो आणि त्यावरून अर्धी ग्रंथी काढायची की सगळी, हे ठरते. त्याच कारणाने सीटी स्कॅनच्या वेळी शिरेतून दिले जाणारे आयोडीनयुक्त द्रव्यही हिशेबात धरावे लागते, कारण त्यानंतर काही आठवडे शरीर आयोडीनने भरलेले असते.

तथापि शीत गाठींपैकीही बहुतेक निरुपद्रवीच निघत. स्कॅनवर विसंबून शस्त्रक्रिया करावी, तर अनेकांचे गळे विनाकारण कापले जात. या कोंडीतून वाट काढली ती बारीक सुईने. १९३० साली न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयात हेज मार्टिन आणि एडवर्ड एलिस यांनी गाठीत सुई खुपसून पेशी बाहेर काढण्याची पद्धत मांडली होती. शतकाच्या उत्तरार्धात स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील डॉक्टरांनी अधिक बारीक सुई वापरून तिला शास्त्राचे रूप दिले. भूल द्यावी लागत नाही, रुग्ण बाह्यरुग्ण विभागातूनच घरी जातो आणि लागते ते एक सुई, काही काचपट्ट्या आणि सूक्ष्मदर्शकाशी बसलेला जाणता डोळा. साधनांची चणचण असलेल्या भारतासारख्या देशात ही तपासणी रुजली, यात नवल नाही. २००७ साली अमेरिकेतील बेथेस्डा येथे भरलेल्या परिषदेतून तिच्या निष्कर्षांना सहा वर्गांची समान भाषा मिळाली. आज चंदीगडचा अहवाल चेन्नईच्या शल्यविशारदाला तितकाच कळतो.

सुईलाही मर्यादा आहे. फॉलिक्युलर कर्करोग आणि त्याच जातीची साधी गाठ यांच्या पेशी एकसारख्याच दिसतात. कर्करोगाने गाठीचे वेष्टन किंवा रक्तवाहिनी भेदली आहे का, हे पूर्ण गाठ हाती आल्याशिवाय कळत नाही. इथे सोनोग्राफीची साथ मोलाची ठरते. जपानमध्ये १९६७ साली थायरॉइडच्या ध्वनिलहरी-तपासणीचे पहिले अनुभव प्रसिद्ध झाले. आज गाठ काळपट दिसते का, रुंदीपेक्षा तिची उंची जास्त आहे का, कडा वेड्यावाकड्या आहेत का, आत चुन्याचे बारीक कण चमकतात का, यांवरून तिच्या संशयास्पदतेची प्रतवारी केली जाते. तेवढ्यावर थांबून चालत नाही. मानेच्या दोन्ही बाजूंच्या लसिकाग्रंथी एकेक करून पाहाव्या लागतात, कारण पॅपिलरी कर्करोग आधी तिथेच मुक्काम करतो. हा नकाशा आधी काढला नाही, तर पहिल्या शस्त्रक्रियेत राहून गेलेल्या ग्रंथींसाठी तोच गळा पुन्हा उघडावा लागतो. दुसऱ्या खेपेस सगळे ऊतक व्रणाने जखडलेले असते. चेता आणि पॅराथायरॉइड त्यातून वेगळ्या काढणे अनुभवी हातांनाही अवघड जाते.

एका प्रकाराची पूर्वतपासणी तर गळ्यापासून फार दूर जाते. १९५९ साली हेझर्ड, हॉक आणि क्राइल यांनी मेड्युलरी कर्करोग वेगळा ओळखला. १९६१ साली जॉन सिपल यांनी मेंदूतील रक्तस्रावाने दगावलेल्या एका तरुणाच्या शवविच्छेदनातून दाखवले की थायरॉइडचा कर्करोग आणि मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथींच्या फिओक्रोमोसायटोमा या गाठी एकाच माणसात एकत्र असू शकतात. ही गाठ ओळखली न जाता रुग्णाला भूल दिली, तर रक्तदाब बेफाम चढून तो टेबलावरच दगावू शकतो. म्हणून मेड्युलरी कर्करोगात आधी अधिवृक्क ग्रंथीची चौकशी, ती गाठ असल्यास आधी तिची शस्त्रक्रिया आणि मग गळ्याची, हा क्रम मोडायचा नसतो. १९९३ साली या आनुवंशिक विकाराचे मूळ रेट नावाच्या जनुकात सापडले. तेव्हापासून मेड्युलरी कर्करोगाच्या एका रुग्णाच्या रक्तचाचणीवर त्याच्या भावंडांचे आणि मुलांचेही भवितव्य अवलंबून असते.

इथपर्यंतचा इतिहास 'आधी अधिक विचारा' असे शिकवतो. गेल्या काही दशकांनी त्याला दुसरी बाजू जोडली. दक्षिण कोरियात इतर कर्करोगांच्या चाळणी-तपासणीबरोबर थायरॉइडची सोनोग्राफीही सर्रास होऊ लागली आणि २०११ सालापर्यंत तिथे या कर्करोगाच्या निदानाचा दर १९९३च्या पंधरापट झाला. त्यापासून होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण मात्र जागचे हलले नाही. सापडले ते बहुतांशी असे बारीक कर्करोग, ज्यांनी जन्मभर काही त्रास दिला नसता. २०१४ साली हे आकडे प्रसिद्ध झाल्यावर वर्षभरात तिथल्या शस्त्रक्रिया सुमारे एक तृतीयांशाने घटल्या. जपानच्या कोबे शहरातील कुमा रुग्णालयात अकिरा मियाउची यांच्या सूचनेवरून १९९३ पासूनच एक सेंटिमीटरपर्यंतच्या कमी जोखमीच्या गाठी न कापता केवळ नजरेखाली ठेवल्या जात होत्या. दहा वर्षांनंतरही बहुसंख्य रुग्णांच्या गाठी वाढल्या नव्हत्या.

भारतात ही दुसरी बाजू केरळात दिसते. राष्ट्रीय कर्करोग नोंदणीत स्त्रियांमधील थायरॉइड कर्करोगाचे प्रमाण ज्या जिल्ह्यांत सर्वाधिक आढळते, त्यांत तिरुवनंतपुरम आहे. किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूतील नैसर्गिक किरणोत्साराकडे अनेकांचे बोट होते. परंतु करुनागप्पळ्ळी येथील सुमारे सत्तर हजार रहिवाशांचा सरासरी दहा वर्षे मागोवा घेणाऱ्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या किरणोत्सारामुळे कर्करोग वाढल्याचे दिसले नाही. आरोग्यसेवा हाताशी असलेल्या राज्यात सोनोग्राफी सहज होते आणि बारीक गाठी सापडत जातात, या कारणाकडे संशोधकांचे लक्ष आता अधिक वळले आहे.

एकाच देशात असे दोन गळे आहेत. एखाद्या डोंगराळ गावातली बाई अनेक वर्षे वाढू दिलेला गलगंड घेऊन, श्वास कोंडल्यावर आणि आवाज घोगरा झाल्यावर दवाखान्याची पायरी चढते. पेशींची तपासणी न होताच तिची अर्धी ग्रंथी निघते आणि कर्करोगाचा अहवाल टाके काढल्यानंतर हाती येतो. दुसरीकडे एखाद्या शहरातली बाई भलत्याच कारणाने केलेल्या सोनोग्राफीत सहा मिलिमीटरची गाठ दिसली म्हणून घाबरून जाते आणि संपूर्ण ग्रंथी गमावून उरलेले आयुष्य रोज सकाळी गोळी घेते. पहिलीला पुरेसे प्रश्न कोणी विचारले नाहीत. दुसरीला, या गाठीला हात न लावता वाट पाहिली तर काय होईल, हा एकच प्रश्न विचारायचा राहून गेला.

यातल्या बहुतेक तपासण्यांना महागडी यंत्रे लागत नाहीत. नीट ऐकलेली हकीकत, गळ्यावरून फिरलेली बोटे, टीएसएच आणि कॅल्शियम, जाणत्या हाताने केलेली सोनोग्राफी, एक बारीक सुई आणि स्वररज्जूंवर टाकलेला एक दृष्टिक्षेप, एवढ्यावर बहुतेक रुग्णांचा निर्णय होतो. गाठ श्वासनलिकेला चिकटलेली किंवा छातीत उतरलेली वाटली, तरच सीटी स्कॅनची पायरी येते. काही तासांचे हे काम टाळले, तर त्याची किंमत रुग्ण आयुष्यभर मोजतो.

सुश्रुतसंहितेच्या काळी ज्याचा स्वर भंगला त्याला वैद्य नमस्कार करून परत पाठवीत असे. आज त्याला परत पाठवण्याचे कारण उरलेले नाही, पण त्याच्या स्वराकडे लक्ष देण्याचे कारण मात्र पूर्वीइतकेच आहे.